बांदा ते जुवा: हात जोडले तेव्हा दोरी कोणाकडे होती?

"आये, तू कित्याक येतंस? मी बांधतंय मा सगळा," असं दिगू म्हणाला आणि मी लगेच पिशवी भरायला घेतली.

दिगू माझा थोरला मुलगा. कचेरीतून निवृत्त झालाय. वाचन दांडगं, बोलणं त्याहून दांडगं. पण त्याने बांधलेली वस्तू पुढच्या गावापर्यंत बांधलेली राहिली, असं आमच्या मिठबावात कोणी पाहिलेलं नाही. गाठ मारण्याआधी तो गाठीबद्दल इतकं बोलतो की गाठीलाच वाटतं, झालं आपलं काम.

काम काय होतं ते आधी सांगते. दिगूची मुलगी नमू मसुऱ्याकडच्या खाडीत एका जुव्यावर दिलीय. जुवा म्हणजे खाडीच्या मधोमध उभं राहिलेलं बेट. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला घोटभर नाही, कारण एप्रिल लागला की तिथल्या विहिरीचं पाणी खारट होतं. नमूचा नवरा जहाजावर असतो. घरात ती आणि तिची सासू. घराच्या मागे दोन खोल्या होत्या, त्यांत नारळ पडलेले असायचे. नमूने नारळ बाहेर काढले, खोल्या सारवल्या, रंगवल्या, मोबाइलवर फोटो टाकले आणि पुण्याचं एक कुटुंब खरोखरच यायला तयार झालं.

विहीणबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी नमूला सांगून टाकलं होतं, "हे पावणे पाण्यावाचून परत गेले तर खोल्यांत नारळ परत भरतलंय. मगे माका काय सांगू नको." म्हणजे पलीकडून आणलेलं गोडं पाणी साठवायला टाकी आली तर नमूच्या खोल्या, नाही तर नारळाच्या. पाहुणे यायला फार वेळ उरला नव्हता, आणि टाकी आणायची जबाबदारी दिगूने घेतली होती. आता सांगा, मी घरी कशी बसणार?

मालवणात टाक्या मिळत नाहीत का? मिळतात. पण पास्कूचा टेम्पो आंबे घेऊन बांद्याला निघाला होता आणि येताना रिकामा येणार होता. रिकामा टेम्पो दिसला की दिगूला काहीतरी विकत घ्यावंसं वाटतं.

पास्कू मूळ बांद्याचा ख्रिस्तांव. अर्धं गणगोत गोव्यात, अर्धं बांद्यात आणि टेम्पो कायम मधे कुठेतरी. माणूस गोड. भाडं किती घेतलं ते लिहीत नाही, कारण तो हे वाचतो आणि मग पुढच्या गिऱ्हाइकाला तेवढ्यात न्यावं लागेल.

सकाळी पेट्या भरल्या. पेटीत पेंढा, पेंढ्यात आंबा, पेटीवर पेटी, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोरी आणि प्रत्येक फेऱ्याला हिसका. आमच्याकडे आंब्याला जसं जपून बांधतात तसं पोराला झोळीत घालत नाहीत. पोर आपटलं तर रडून गप्प होतं. आंबा आपटला तर दलाल बोलतो.

पुढे आम्ही तिघं बसलो. पास्कू चाकावर, मधे दिगू, खिडकीशी मी. आचऱ्यावरून मालवण, मालवणातून चौके, मग कुडाळ. ह्या रस्त्याने येणार असाल तर एक सांगते. डोंगर, माड, खाडी, पूल, सगळं बघण्यासारखं आहे, पण वळणं अशी की सकाळी खाल्लेलं पोटात बांधून ठेवावं लागतं. मी नुसता चहा घेतला होता. दिगूने घावणे खाल्ले होते. चौक्याला टेम्पो थांबवावा लागला, आणि तो दिगूने निसर्ग पाहायला थांबवला असं त्याचं म्हणणं आहे.

कुडाळला उसळ-पाव खाल्ला. उसळ झणझणीत, पाव कालचा. हायवेला लागलो तसा रस्ता गुळगुळीत झाला आणि लोक आपापलं सामान कसं नेतात ते नीट बघायला मिळालं. ही मजा कोणत्याही प्रवासाच्या पुस्तकात लिहिलेली नसते, म्हणून मी लिहिते.

एका गाडीच्या टपावर बॅगा होत्या. दोरी टपावरून घेऊन खिडक्यांतून आत, आतून पुन्हा बाहेर, अशी आवळली होती. बॅगा हलत नव्हत्या, खरं आहे. पण दारंही उघडत नव्हती. चहाच्या टपरीवर ती माणसं खिडकीतून एकेक करून बाहेर पडली, आधी पाय मग पोट. एक पिकअप गेला, त्यात कपाट होतं आणि कपाट पडू नये म्हणून त्याच्यावर एक माणूस झोपवलेला. माणूस पडू नये म्हणून काय केलं होतं ते दिसलं नाही. एका ट्रकच्या मागे मोठ्या अक्षरांत देवाची कृपा लिहिली होती. जिथे लिहिली होती तिथे साखळी असायला हवी होती.

"आजये, हे लोक देवाक हमालीक लावतत," पास्कू म्हणाला.

"मगे तू काय करतंस?"

"मी आधी दोरी लावतंय. देव मगे."

ते वाक्य तेव्हा मला फार आवडलं. आता तितकं आवडत नाही. का ते पुढे येईल.

बांद्याला पेट्या उतरवल्या. एकही आंबा डागला नव्हता. मुक्काम पास्कूच्या घरी. त्याच्या बायकोने उकडा भात आणि बांगड्याची आमटी वाढली. नारळ सढळ, तिरफळं जपून. बांद्यात कुठे राहावं असं विचारलंत तर ओळख काढा आणि कोणाच्या तरी घरी राहा, मी एवढंच सांगेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी. काळी, गोल, माझ्या खांद्याएवढी, आत दोन माणसं भांडत बसतील एवढी जागा. ती जागा बघून दिगूचा जीव कासावीस झाला.

"आये, एवढी पोकळी वाया कित्याक घालवची?" त्याने तिथेच बाजारात नमूच्या खोल्यांसाठी गाद्या, उशा, चादरी घेतल्या आणि सगळं टाकीत कोंबलं. मी म्हटलं, झाकण लाव. तर म्हणाला, "सुरक्षिततेच्या दृष्टीने ठीक आहे, परंतु गाद्यांना हवा खेळती राहिली पाहिजे." ठाम व्हायचं असलं की दिगू कचेरीतली मराठी बोलतो. त्याने झाकण नुसतं वर ठेवलं आणि त्यावर सुतळीची एक गाठ मारली. त्या गाठीबद्दल मी काही बोलत नाही.

टेम्पोत टाकी आडवी ठेवावी की उभी, ह्यावर दुकानासमोर सभा भरली. दुकानदार म्हणाला आडवी. पानवाला म्हणाला उभी. रस्त्याने जाणारा एक गृहस्थ थांबला, दोघांचंही चुकतंय म्हणाला आणि तिसरं काही न सांगता निघून गेला. शेवटी पास्कूने ती उभी ठेवली, चारी कोपऱ्यांना दोऱ्या घेतल्या आणि त्या अशा आवळल्या की टाकीला कंबर आली.

हायवेला वारा लागला आणि टाकी बोलायला लागली. झाकण एका बाजूने उचललं जाऊन आत हवा शिरायची आणि घूं असा आवाज यायचा. दिगूला वाटलं इंजिन गेलं. पास्कूला वाटलं मागून रुग्णवाहिका येतेय, त्याने वाट दिली. मागून कोणीच आलं नाही. कसालपर्यंत तो कोणाला ना कोणाला वाट देत होता.

कसाल सोडून मसुऱ्याच्या दिशेने आत वळलो की रस्ता लहान होतो आणि माणसं मोठ्याने बोलायला लागतात. जेटीवर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जेटीवर सावली नाही, दुकान नाही, मुतारी नाही. हे आधीच सांगून ठेवते. पाणी बरोबर घ्या आणि भरती-ओहोटी विचारून या. सुकती लागली की खाडीत वाळूचे पट्टे वर येतात आणि होडीवाला तुम्हाला एका लांबच्या फेरीने नेतो. फेरीचे पैसे तेच, ऊन जास्त.

होडी अर्जुन तांडेलाची. इंजिनाची, पण अरुंद. समोर जुव्याच्या काठावर नमू आणि विहीणबाई उभ्या दिसत होत्या. नमू हात हलवत होती. विहीणबाईंनी हाताची घडी घातली होती.

होडीत टाकी उभी राहीना, म्हणून आडवी घातली, दोन फळ्यांवर. मोठी दोरी काढली. तिचं एक टोक पास्कूने एका बाजूला होडीला बांधलं. दोरी टाकीवरून पलीकडे घेतली आणि दुसरं टोक अर्जुनाच्या हातात गेलं. आता फक्त ते ओढून बांधायचं बाकी होतं. एवढ्यात अर्जुनाला आठवण झाली.

"दिगूनू, नवी वस्तू खाडी वलांडून जाता. राखणदाराक नारळ दिल्याशिवाय मी होडी सोडूचंय नाय."

आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. विहिरीला, बागेला, खाडीला. त्याला विचारल्याशिवाय काही हलवायचं नसतं. नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने केलेलं बोलणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे मी मानते. थट्टा देवाची करत नाही, आमची करते.

दिगूला तर हेच पाहिजे होतं. तो जेटीच्या कडेला उभा राहिला आणि खाडीकडे तोंड करून त्याने आवाज लावला.

"बा देवा राखणदारा, खाडीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझां लेकरू नवी टाकी घेऊन तुझ्या दारात उभा आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हात जोडल्याशिवाय व्हय म्हणता येत नाही. आणि अर्जुनाच्या हातात तर दोरीचं टोक. त्याने इकडे तिकडे पाहिलं. पास्कू ख्रिस्तांव, त्याला हात जोडायचे नाहीत, म्हणून अर्जुनाने टोक पास्कूकडे दिलं आणि स्वतः हात जोडले. चूक काहीच नाही. उलट रीतभातच झाली.

"ही टाकी जुव्यार सुखरूप पोचव रे म्हाराजा! कोणाची वाकडी नजर पडली आसात ती सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पुण्याचे पावणे येतले, तेंका बांगडो आवडांदे, तेंच्या फोनाक रेंज गावांदे, आणि जाताना तेंच्या तोंडातसून चार बरे शब्द येवंदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं लांबलं. पाणी उतरत चाललं होतं. दिगूने मागण्यात रस्त्याचे खड्डे घेतले, जावयाच्या जहाजाचा कप्तान घेतला, माझे गुडघे घेतले. गुडघ्यांच्या वेळी मी सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हटलं, लपवत कशाला.

नारळ फुटला. त्या क्षणी पास्कूच्या मनात आलं की सगळ्यांचा देव इथे हजर आहे आणि आपलाच तेवढा नाही, हे बरं दिसत नाही. त्याने टोक टाकीच्या पोटाखाली सरकवलं आणि छातीवर क्रूस केला. मग खोबऱ्याची शेरनी, म्हणजे प्रसाद, वाटली गेली, ती घ्यायला उजवा हात लागतो. मग अर्जुन ओरडला, "बेगीन बसा, सुकती लागली!" आणि आम्ही बसलो. दोरी टाकीवर ताणलेली दिसत होती. टाकीखाली दाबलेली दोरी आणि बांधलेली दोरी लांबून सारखीच दिसते. जवळूनही सारखीच दिसते, बघितली नाही तर.

खाडीच्या मध्यावर दुपारचा खारा वारा आडवा आला. होडी जराशी कलली. टाकी जागची उठली. जेवण आटपलेला पाहुणा उठतो तशी, घाई न करता. दोरीखालून सरकली, काठावर क्षणभर टेकली आणि गेली पाण्यात.

बुडाली नाही. बुडाली असती तर बरं असं मला वाटून गेलं, निदान जागेवर तरी राहिली असती. ती तरंगली आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर समुद्राच्या वाटेला लागली, नमूच्या गाद्या पोटात घेऊन.

"अर्जुना, तुम्ही बांधलं नाही?" दिगू.

"मी पास्कूकडे दिलंय मा!"

"सायबा भोगस!" पास्कूने आधी देवाची माफी मागितली. "माका वाटला अर्जुनान परत घेतल्यान!"

"मी कशाक परत घेव? तू बांधूचो मा!"

"पण गाऱ्हाणा मधीच कोणी सुरू केल्यान?"

"नारळाचा कोणी काढल्यान?"

पाण्यावर चौकशी समिती बसली. टाकीला समितीशी काही देणंघेणं नव्हतं, ती चालली होती. मी म्हटलं, "मेल्यांनू, निवाडो मगे करा, आधी होडी वळवा!" अर्जुनाने इंजिन जोरात केलं. ते एकदा गुरगुरलं आणि बंद पडलं. दोरीचं सुटं टोक पाण्यात पडलं होतं, ते पंख्याला गुंडाळलं गेलं. एका टोकाने टाकी सोडली होती, आणि तेच टोक आता आम्हाला धरून बसलं.

समोर जुव्यावर नमूने हे सगळं पाहिलं. तिने काठावरची लहान होडी ढकलली, वल्हं घेतलं. पाहुणे दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे होते, आणि त्यांचं पिण्याचं पाणी ज्यात भरायचं ते भांडं समुद्राला निघालं होतं.

"एकटी खंय चललंस?" विहीणबाईंचा आवाज आमच्यापर्यंत आला.

"टाकी हाडूक!"

"टाकी मरांदे! वारो बघ केदो आसा!"

"आई, तुमी बसा थंय. मी जातंय."

विहीणबाई बसल्या नाहीत. लुगड्याचा काष्टा मारला आणि पाण्यातून चालत जाऊन होडीत चढल्या. सुनेची काळजी की खोल्यांबद्दलचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकवायची हौस, देव जाणे. वल्हं मारताना त्यांचं बोलणं सुरू होतं, हे मात्र मला दिसत होतं.

खालच्या अंगाला, समुद्राच्या वाटेवर, वाळूचा एक पट्टा नुकताच उघडा पडायला लागला होता. टाकी त्याच्या कडेला आली, टेकली, गोल फिरली आणि पुन्हा सुटायला लागली. नमूने होडी वाळूत घातली आणि धावली, तिचा पाय घसरून ती आडवी झाली. टाकी तिच्या हातापासून लांब गेली. आणि विहीणबाईंनी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन टाकीच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घातला. झाकण कधीच गेलं होतं. आतली एक गादी त्यांच्या हाताला लागली, तिला धरून त्या टाकीसकट मागे रेलल्या. पाणी ओढत होतं, त्या ओढत होत्या. वयाने दिगूहूनही मोठ्या. मी म्हटलं, आता ही जाते नाही तर टाकी जाते.

नमू उठली आणि मागून सासूच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. ज्या सासू-सुना खोल्यांवरून महिनाभर एकमेकींशी सरळ बोलल्या नव्हत्या, त्या तिथे एकमेकींना धरून आमच्या नावाने शिव्या घालत होत्या. शिव्या दोघींच्या सारख्याच होत्या. हळूहळू टाकी वाळूवर आली.

"बसलास काय रे थंय मेल्यांनू! येवा हंय!"

अर्जुनाने कोयत्याने पंख्याची दोरी कापली आणि आम्ही पोचलो. गाद्या पाणी पिऊन अशा फुगल्या होत्या की टाकीतून बाहेर येईनात. तशाच ठेवल्या. राहिलेली दोरी विहीणबाईंनी मागून घेतली. टाकी होडीत घातली आणि गाठी त्यांनीच मारल्या, एकेका गाठीला एकेकाचं नाव घेऊन. शेवटच्या गाठीला दिगू जवळ गेला आणि नम्रपणे म्हणाला, "विहीणबाई, काही मदत?"

"तुमी गाऱ्हाणा घाला. तुमचे हात मोकळे आसत."

जुव्यावर टाकी पोचली. गोड्या पाण्याने ती धुतली, पलीकडच्या नळावरून पिंपं भरून आणली, आणि पहिल्या पाण्याला नव्या गादीचा वास आला म्हणून ते माडांना घातलं. माडांनी तक्रार केली नाही. गाद्या कुंपणावर टाकल्या. दिगू त्या उलटायला उठला की विहीणबाई त्याच्याकडे बघायच्या, आणि तो परत बसायचा.

पाहुणे आले. नवरा, बायको, मुलगी आणि नवऱ्याची आई. प्यायला पाणी होतं, बांगडा ताजा होता. फोनला रेंज माडाच्या एका विशिष्ट बुंध्याशी उभं राहिलं की येत होती, आणि ते कुटुंब आळीपाळीने बुंध्याशी उभं राहायचं. उन्हात वाळवून आणि धुतलेल्या खोळी घालूनही उशा काही सुधारल्या नाहीत. सकाळी ती बाई चहा घेताना म्हणाली, "उशी थोडी खारट लागली का हो?"

नमूचा चेहरा पांढरा पडला. मी काही बोलणार, एवढ्यात विहीणबाई पुढे झाल्या. मला वाटलं, झालं, आता ही म्हणणार, मी सांगितलेलंच होतं.

"खारट लागतलीच," त्या म्हणाल्या. "ती उशी मी समुद्राकडसून परत हाडलेली आसा." आणि अंगणात मधोमध बसून त्यांनी टाकीची गोष्ट सांगायला घेतली. त्या गोष्टीत पाणी गळ्याएवढं झालं होतं, वारा वादळ झाला होता, आणि होडीतले आम्ही चौघं रडत होतो. मुलीने मोबाइलवर सगळं टिपलं. दिगूने दोनदा दुरुस्ती सुचवली, ती नामंजूर झाली. मी मान हलवून साक्ष दिली. माझ्या नातीच्या खोल्या वाचत असतील तर मी रडलेली चालेल.

खोल्यांत नारळ भरायचं नाव विहीणबाईंनी पुन्हा काढलं नाही. स्वतःच्या हाताने पाण्यातून ओढून काढलेली वस्तू माणूस टाकत नाही. फक्त ती वस्तू मग त्याची होते, हे नमूला हळूहळू कळत होतं. मी निघायच्या दिवशी "माझी टाकी", "माझ्या खोल्यो", "माझे पावणे" असं सुरू झालं होतं. नमूने माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हटलं, "आता काय बोलू नको. ती दोरी धरून आसा. सोडूक लावू नको."

परत येताना जेटीवरून रिक्षाने आचऱ्याला आले आणि तिथून एसटीने मिठबावला. एसटी वेळेवर आली, ह्याची दखल घ्यायला हवी.

मिठबावात माझ्या आधी दिगूची गोष्ट पोचली होती. तिच्यात टाकी वाचली ती गाऱ्हाण्यामुळे. मी अंथरुणावर पडून बराच विचार केला आणि मला मान्य करावं लागलं की हिशोबाने त्याचं चुकत नाही. आम्ही देवाकडे काय मागितलं? टाकी जुव्यावर पोचू दे. पोचली. बांगडा आवडू दे. आवडला. रेंजसुद्धा मिळाली, बुंध्याशी का होईना. राखणदाराने आपलं काम केलं. दोरीचं काम त्याच्याकडे दिलेलंच नव्हतं, ते आमच्याकडे होतं, आणि आम्ही ते एकमेकांकडे आदराने देत राहिलो. माझ्या गुडघ्यांचं तेवढं त्याच्याकडून राहिलंय.

तुम्ही जाणार असाल तर जा. मासे चांगले, जागा स्वच्छ, पाणी गोडं. फोन मात्र आता विहीणबाई उचलतात. मला ते ठाऊक नव्हतं. परवा नमूची चौकशी करायला मी फोन लावला.

"कोण बोलता? कितके जणां?"

"मी एकटीच," मी म्हटलं.

"मासे खातास काय शिवराक?"

"मासे. पण माका नमूशी..."

"एकट्या मानसाक खोली देवक परवडणा नाय."

मागून नमूचा आवाज आला, "आई, ती माझी आजी गो! मिठबावची!"

विहीणबाईंना आवाज ओळखू आला होता, पहिल्यापासूनच आला असणार. पण त्या मागे हटल्या नाहीत.

"आजी आसली म्हणान काय झाला?" त्या म्हणाल्या. "मे म्हयन्यात खोली खंय रिकामी आसा?"